‘काही नाही’ हे निदान नव्हे

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका आहेत. मडगावातील एका शाळेत त्यांनी वीस वर्षे मराठी शिकवले. त्यांच्या कपाटात एक जाड फाईल आहे. रक्ताचे, लघवीचे, क्ष-किरणांचे असे सात वर्षांचे अहवाल तीत तारीखवार लावलेले आहेत आणि प्रत्येकाचा निष्कर्ष एकच आहे : सर्व ठीक. या सात वर्षांत बाईंचा एकही दिवस दुखण्यावाचून गेला नाही. सकाळी उठताना सर्वांग असे जखडलेले असे की, न्हाणीघरापर्यंत भिंतीच्या आधाराने जावे लागे. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की हात खांद्यापासून भरून येई. रोज समोर बसणाऱ्या मुलाचे नाव ऐन वेळी आठवत नसे. आठ तास झोपूनही रात्रभर दगड वाहिल्यासारखे वाटे. पाच निरनिराळ्या डॉक्टरांनी ती फाईल चाळली आणि पाचांनीही तेच वाक्य सांगितले : ‘बाई, तुम्हांला काही नाही.’

या वाक्याविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती आज आम्ही स्पष्ट शब्दांत मांडणार आहोत.

हे वाक्य केवळ दवाखान्यातच बोलले जाते असे नव्हे. डॉक्टरांनी ते उच्चारले की नवरा ते घरी घेऊन येतो. सासूबाई त्याला पुरवणी जोडतात : ‘आम्ही विहिरीचे पाणी ओढून, दहा माणसांचे रांधून कधी अंग दुखते म्हटले नाही.’ कचेरीतील वरिष्ठ रजेचा अर्ज पाहून मिशीतल्या मिशीत हसतात. आणि शेवटी ती बाई स्वतःच ते वाक्य पाठ करते. ‘कितें जालां?’ असे शेजारणीने विचारले की ‘कांय ना’ म्हणते आणि मोरीकडे वळते. एक खोटे विधान चार तोंडांनी बोलले गेले की त्याला सत्याचा मान मिळतो. अहवालाने फक्त इतकेच सांगितले होते की, ज्या रोगांसाठी ही तपासणी केली ते रोग दिसत नाहीत. ‘हे रोग नाहीत’ याचा अर्थ ‘रोगच नाही’ असा कोणत्या तर्कशास्त्रात होतो, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे.

या दुखण्याला नाव आहे, आणि ते नवे नाही. १९०४ साली लंडनचे प्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ सर विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील एका व्याख्यानात ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द योजला. स्नायूंतील तंतूंना सूज येऊन ते दुखतात, अशी त्यांची कल्पना होती. पुढील संशोधकांनी ती सूज शोधली. पण ती सापडली नाही, आणि दुखणे मात्र होते तेथेच राहिले. म्हणून १९७६ साली नाव बदलून ‘फायब्रोमायाल्जिया’ करण्यात आले. तंतूंची व स्नायूंची वेदना, एवढाच त्याचा सरळ अर्थ. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाने त्याची पहिली सर्वमान्य कसोटी ठरवली. शरीरावरील १८ ठरावीक जागी अंगठ्याने सुमारे ४ किलोचा दाब द्यावा आणि ११ जागी वेदना झाली तर रोग मानावा, अशी ती कसोटी होती. २०१० साली अंगठ्याची ही सक्ती काढून टाकण्यात आली, आणि २०१६ साली कसोटीला आजचे रूप मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या दहाव्या वर्गीकरणात या रोगाला स्वतःचा क्रमांक आहे. ज्या रोगाचा इतिहास शतकाहून मोठा आहे, त्याच्याविषयी ‘हे हल्लीचे फॅड’ असे म्हणणाऱ्यांनी आपले अज्ञान निदान हळू आवाजात तरी बोलून दाखवावे.

आता लक्षणांकडे वळू; कारण ओळख पटली तरच पुढचा न्याय होईल.

पहिले लक्षण म्हणजे सर्वत्र पसरलेले दुखणे. एक गुडघा दुखतो किंवा एक मान धरते, ते हे नव्हे. उजवीकडे व डावीकडे, कमरेच्या वर व कमरेच्या खाली, शिवाय मान, पाठ व कंबर यांत, असे ते दुखणे पसरलेले असते. आज खांद्यांत अधिक, उद्या मांड्यांत अधिक. ते निदान तीन महिने सारखे चालू असते. या दुखण्याचे स्वरूप सांगायला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. ठणका, कळ, चमक, रग, सणक, ठसठस, आग, मुंग्या, अंग मोडून येणे, भरून येणे हे सारे शब्द निरनिराळ्या वेदनांचे आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ घरातील म्हातारीला नेमका कळतो. कोंकणीत ‘आंग दुखता’ म्हटले काय किंवा मराठीत ‘अंग ठणकते’ म्हटले काय, सांगणारीने आपले काम चोख केलेले असते. पण डॉक्टरांच्या कागदावर या सर्वांचे मिळून ‘बॉडी पेन’ असे दोनच शब्द होतात. तपशील तेथेच गळाला, आणि तपशिलाबरोबर निदानही गळाले.

दुसरे लक्षण म्हणजे विश्रांती न देणारी झोप. झोप येत नाही असेच नेहमी नसते. पुष्कळदा येते, पण तिने शीण जात नाही. सकाळचे पहिले तास सर्वांत अवघड जातात. झोपेचा व दुखण्याचा संबंध किती जवळचा आहे, हे १९७५ साली कॅनडातील हार्वे मोल्डोफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. निरोगी माणसांची गाढ झोप त्यांनी आवाज करून वारंवार मोडली, तेव्हा त्या धडधाकट माणसांनाही अंगदुखी व थकवा जाणवू लागला. तान्ह्या मुलासाठी, आजारी सासऱ्यांसाठी व पहाटेच्या नळासाठी वर्षानुवर्षे झोप मोडणाऱ्या आपल्या स्त्रियांनी हा प्रयोग अवश्य लक्षात ठेवावा.

तिसरे लक्षण म्हणजे थकवा. दिवसभर राबल्यावर येतो तो हा नव्हे. केस विंचरले, चार कपडे पिळले, बाजारातून पिशवी आणली, एवढ्यावर माणूस आडवा होतो. चौथे लक्षण म्हणजे बुद्धीवर आलेले मळभ. बोलता बोलता शब्द सापडत नाही, दुधाचा हिशेब चुकतो, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. वेड लागत आहे की काय, या भीतीने पुष्कळजण हे लक्षण लपवतात. त्यांनी ते लपवू नये. ते या रोगाचे नेहमीचे लक्षण आहे.

यांच्या जोडीला इतरही गोष्टी येतात. वारंवार डोके दुखणे, ओटीपोटात दुखणे, कधी मलावरोध तर कधी हगवण, हातापायांना मुंग्या, थंडी, मोठा आवाज, प्रखर उजेड अथवा उग्र वास सहन न होणे. एखादीला लेकराने प्रेमाने मारलेली मिठीही दुखते. आई दूर सरते, लेकरू हिरमुसते, आणि घरातील माणसे म्हणतात, ‘हिचा स्वभावच बदलला.’ स्वभाव बदललेला नसतो. स्पर्शाचा अर्थ बदललेला असतो.

या लक्षणांची मोजणी करण्यासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या यंत्रांची गरज नाही. आजच्या कसोटीत शरीराच्या १९ जागा सांगितल्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांतील किती दुखल्या ते मोजायचे. मग थकवा, न ताजी करणारी झोप व बुद्धीचे मळभ यांना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे. गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटातील दुखणे व उदासीनता यांतील जे असेल त्याचा एकेक गुण मिळवायचा. दुखऱ्या जागा ७ किंवा अधिक आणि लक्षणांचे गुण ५ किंवा अधिक, अथवा जागा ४ ते ६ आणि गुण ९ किंवा अधिक. दुखणे शरीराच्या पाच विभागांपैकी निदान चारांत, म्हणजे डावा व उजवा वरचा भाग, डावा व उजवा खालचा भाग आणि मध्यभाग यांपैकी चारांत. आणि हे सारे तीन महिने. एवढे जमले की कसोटी पुरी झाली. या कामाला एक कागद, एक पेन्सिल व दहा मिनिटे लागतात. रोग्याची भाषा समजणे मात्र लागते. बेळगावच्या दवाखान्यात कन्नड, मराठी व कोंकणी या तिन्ही भाषा बोलणारे रोगी एकाच बाकावर बसतात. तेथे प्रश्न रोग्याच्या भाषेत विचारणे ही औषधाइतकीच आवश्यक गोष्ट आहे.

येथे प्रतिपक्षाचा आवडता आक्षेप पुढे येतो : ‘हे सारे मनाचे खेळ आहेत.’ त्याचे उत्तर आम्ही भावनेने देणार नाही, पुराव्याने देतो. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६ रोग्यांच्या व १६ निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब दिला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेतली. निरोगी माणसाच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे ज्या दाबाने जागी होत, त्याहून बऱ्याच कमी दाबाने रोग्यांची तीच केंद्रे जागी झाली. तोंडाने ढोंग करता येते. मेंदूतील रक्तप्रवाहाला ढोंग शिकवता येत नाही. २०२१ साली इंग्लंड व स्वीडन येथील संशोधकांनी रोग्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली. ते उंदीर दाबाला व थंडीला अधिक हळवे झाले. निरोगी माणसांची प्रतिपिंडे टोचलेले उंदीर तसे झाले नाहीत. त्या उंदरांना सासुरवास होता, असे तर कोणी म्हणणार नाही ना?

आज तज्ज्ञ असे मानतात की, या रोगात वेदनेचा संदेश वाहणारी व तो आवरणारी मज्जासंस्थाच बिघडलेली असते. हार्मोनियमची एखादी पट्टी दबून राहावी आणि भाता हलला की सूर वाजतच राहावा, तसा हा प्रकार आहे. लाकूड तपासा, पितळ तपासा, सर्व शाबूत. पण वाद्य गप्प बसत नाही. २०१७ साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा वेदनेसाठी ‘नोसिप्लास्टिक’ असा स्वतंत्र वर्गच मान्य केला. या रोगासोबत उदासीनता व चिंता पुष्कळदा असतात, हे आम्ही नाकारत नाही. सात वर्षे ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, तो उदास होणार नाही तर काय नाचेल? पण उदासीनतेवर उपचार करणे निराळे, आणि तिचे नाव पुढे करून वेदनेला घराबाहेर काढणे निराळे.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत; नाहीतर आमची तक्रार एकांगी ठरेल. नाव कळताच प्रत्येक अंगदुखीला तेच नाव देणारे उत्साही लोकही कमी नाहीत. थायरॉइडची ग्रंथी मंदावली तरी अंग दुखते आणि थकवा येतो. ड जीवनसत्त्व फार कमी झाले, रक्त कमी झाले, संधिवाताची सुरुवात झाली, कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे सोसली नाहीत, झोपेत श्वास अडकू लागला, तरी लक्षणे याच्यासारखी दिसतात. २००६ साली कर्नाटक व महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्या ज्वरानंतर महिनोन्महिने सांधे धरलेले कित्येकांनी पाहिले असतील. म्हणून आरंभीच्या मोजक्या तपासण्या आवश्यकच आहेत. ताप, वजन घटणे, एखादा सांधा डोळ्यांना दिसेल इतका सुजणे, एका हातापायाची शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे यांतील काहीही असेल, तर ते फायब्रोमायाल्जियाच्या खात्यावर टाकून स्वस्थ बसू नये. विनाविलंब डॉक्टर गाठावा. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संधिवात असलेल्या माणसाला फायब्रोमायाल्जियाही असू शकतो. २०१६ च्या कसोटीने हे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ‘दुसरे काही सापडले’ हेही या रोगाकडे पाठ फिरवण्याचे कारण होऊ शकत नाही.

हा बायकांचाच रोग, ही समजूतही टाकली पाहिजे. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे, हे खरे. पण अंगठ्याने दाबण्याची कसोटी मागे पडल्यावर ओळखल्या जाणाऱ्या पुरुषांची संख्या वाढली. निरनिराळ्या देशांतील पाहण्या शंभर माणसांत दोन ते चार, असा अंदाज देतात. म्हणजे आमच्या प्रत्येक वाड्यावर, प्रत्येक गल्लीत, प्रत्येक शिक्षकखोलीत असा कोणीतरी बसलेला आहे, आणि तो बहुधा गप्प आहे.

त्याच्या गप्प बसण्यावर कोणाचे पोट चालते, तेही सांगून टाकू. ज्याला डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतात, त्याला बाहेर उभा असलेला दुसरा मनुष्य ‘मी बरे करतो’ म्हणतो. तो कागदाच्या पुडीत पांढरी भुकटी देतो. तीत पुष्कळदा स्टिरॉइड असते. या रोगावर त्याचा उपयोग नाही, पण ते हाडे मात्र पोखरते. कोणी सलाईन चढवतो, कोणी दर आठवड्याला सुई टोचतो, कोणी सहा महिने अंथरुणावरून हलू नका म्हणून सांगतो. हा शेवटचा सल्ला तर सर्वांत घातक आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या शिफारशी सुधारल्या, तेव्हा सर्व उपायांतून एकाच गोष्टीला त्यांनी ठाम पाठिंबा दिला, आणि ती गोष्ट म्हणजे व्यायाम. तो अगदी थोड्यापासून सुरू करायचा. पाच मिनिटे चालणे, मग सात, मग दहा. एखाद्या चांगल्या दिवशी उत्साहाने सारे घर धुऊन काढायचे आणि पुढचे चार दिवस पडून राहायचे, हे टाळायचे. झोपेची वेळ सांभाळायची. ठरावीक औषधांचा काही रोग्यांना काही अंशी उपयोग होतो. ती जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. अफूच्या जातीच्या वेदनाशामकांपासून दूर राहावे. ‘दिवसभर घरकाम करते, तिला आणखी व्यायाम कशाला?’ असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर असे की, घरकाम दुसऱ्याच्या वेळेने होते आणि व्यायाम आपल्या शक्तीच्या मापाने होतो. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने एक आठवडा घरकाम करून पाहावे.

सरकारच्या दारीही अनुभव निराळा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वे मानतो; त्यांत या रोगाचे नाव नाही. फळ्यापुढे दोन तास सलग उभे राहणे ज्या शिक्षिकेला शक्य नाही, तिने खुर्ची मागितली तर ती हक्काने मिळत नाही, मेहरबानीने मिळते. प्रत्येक रोग्याला अपंग ठरवा, असे आमचे म्हणणे नाही. पण खुर्ची, मधली विश्रांती, कामाच्या वेळेत थोडी सवड, या गोष्टींना प्रमाणपत्राची वाट का पाहावी?

आणि आता शेवटचा आरोप आमच्यावरच, लिहिणाऱ्यांवर. आमच्या साहित्याने सोशिक स्त्रीची किती आरती ओवाळली! दुखणे पदराआड झाकणारी आई, कण्हणे ओठांत दाबून चूल पेटवणारी सून, न बोलता झिजणारी वहिनी यांना आम्ही देव्हाऱ्यात बसवले आणि त्यांच्यावर पाने भरली. वाचकांचे डोळे ओले झाले, की आम्ही कृतार्थ झालो. त्या बाईला काय होत होते, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर कथाच संपली असती. सोसणे हा गुण असेलही. पण ज्याचे नाव कळू शकते आणि ज्याला उतार पडू शकतो, ते सोसायला लावणे हा समाजाचा गुण नव्हे, अपराध होय. या अपराधात या मासिकाच्या पानांचाही वाटा आहे, हे आम्ही येथे मान्य करतो.

म्हणून आमच्या मागण्या थोड्याच आहेत. डॉक्टरांना विनंती अशी की, अहवाल चांगले आले तर जरूर आनंद मानावा, परंतु वाक्य पुरे करावे : ‘या तपासण्यांत काही दिसले नाही, आता तुमचे दुखणे मला पुन्हा सांगा.’ घरच्यांना विनंती अशी की, आपल्या माणसाच्या वेदनेला पुरावा मागू नये. आणि जे दुखणे अंगावर काढीत आहेत त्यांना सांगणे असे की, दोन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा : कोठे दुखले, झोपून उठल्यावर कसे वाटले, काय करता आले नाही, काय विसरले. आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत लिहा. तो कागद अहवालांच्या फाईलीत सर्वांत वर ठेवा आणि डॉक्टरांसमोर तोच आधी उघडा.

त्या शिक्षिकाबाईंनी असेच केले. सहाव्या डॉक्टरीणबाईंनी फाईल बाजूला सारली, तो कागद वाचला आणि विचारले, ‘सकाळी उठल्यावर ताजेतवाने असे शेवटचे कधी वाटले होते?’ बाईंना रडू आले. दुखण्याने आले नाही. सात वर्षांत हा प्रश्न त्यांना प्रथमच विचारला गेला होता, म्हणून आले. बाई आज रोगमुक्त नाहीत. वाईट दिवस अजून येतात. पण त्या रोज सायंकाळी वीस मिनिटे चालतात, वर्गात खुर्चीवर बसून शिकवतात, आणि कोणी ‘कितें जालां?’ म्हणून विचारले तर ‘कांय ना’ म्हणत नाहीत. रोगाचे नाव सांगतात.